जास्वंदीच्या फुलाला दीड सेंटीमीटर फोकस पुरत नाही

लाल जास्वंदीचं फूल पहिल्यांदा जवळून टिपायला गेले तेव्हा मी बहुतेकांसारखंच केलं. फुलाच्या अगदी समोर उभी राहिले, चौकट भरेल इतकी जवळ गेले आणि बटण दाबलं. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर फोटो छान दिसला. घरी येऊन मोठा करून पाहिला, तर टोकावरचे पाच मखमली ठिपके धूसर आणि मागच्या पाकळ्याही धूसर. स्पष्ट आला होता तो मधल्या दांड्याचा एक तुकडा, आणि तिथे पाहण्यासारखं काहीच नव्हतं. कितीतरी दिवस मला वाटत होतं की आपली लेन्स साधी आहे म्हणून असं होतं. खरं कारण वेगळं होतं. ते समजलं की फुलांचे फोटो सुधारायला लागतात, म्हणून त्याच्यापासूनच सुरुवात करते.

कॅमेऱ्यासमोर हवेत एक उभी काच धरली आहे असं समजा. कॅमेऱ्याच्या तोंडाला समांतर, सरळ, सपाट. फुलाचा जो भाग त्या काचेच्या जाडीत येतो तेवढाच फोटोत स्पष्ट येतो. पुढचं-मागचं हळूहळू विरत जातं. या जाडीला फोटोग्राफीत डेप्थ ऑफ फील्ड म्हणतात. डोंगराचा फोटो काढताना ही काच शेकडो मीटर जाड असते, त्यामुळे तिची आठवणही होत नाही. फुलाजवळ गेलं की मात्र ती झपाट्याने पातळ होते.

किती पातळ, ते आकड्यांतच पाहू. फुलफ्रेम कॅमेरा घेऊ, म्हणजे ३६ बाय २४ मिलिमीटरचा सेन्सर. अ‍ॅपर्चर (लेन्समधलं प्रकाश आत सोडणारं छिद्र) एफ/८ ठेवू; आकडा जितका मोठा, तितकं छिद्र बारीक. वस्तूची सेन्सरवर पडणारी प्रतिमा मूळ आकाराच्या एक दशांश असेल, तर काचेची जाडी साधारण ५ सेंटीमीटर भरते. एक चतुर्थांश प्रतिमेला ती १ सेंटीमीटरच्या आसपास येते, निम्म्याला ३ मिलिमीटर. आणि प्रतिमा मूळ वस्तूएवढीच, म्हणजे खऱ्या अर्थाने मॅक्रो असेल, तर जेमतेम १ मिलिमीटर.

आता जास्वंद. फूल १० सेंटीमीटर रुंद धरा, कडेला थोडी जागा सोडून चौकटीत बसवा. प्रतिमा मूळ आकाराच्या एक पंचमांश झाली. एफ/८ ला काच दीड सेंटीमीटर जाड. आणि जास्वंदीचा केसरांचा दांडा पाकळ्यांच्या बाहेर किती येतो? चांगल्या फुलात सहा-सात सेंटीमीटर! तो थेट आपल्याकडे रोखलेला असताना दीड सेंटीमीटरची काच कुठेही ठेवली तरी फुलाचा बराचसा भाग बाहेरच राहणार. अ‍ॅपर्चर एफ/१६ केलं तर जाडी तीन सेंटीमीटरपर्यंत जाते, पण तेही पुरत नाही. महाग लेन्स आणली तरी हे गणित बदलत नाही, कारण समान आकाराच्या सेन्सरवर, प्रतिमेच्या समान आकाराला आणि समान अ‍ॅपर्चरला कुठल्याही लेन्सने ही हवेतली काच जवळपास सारखीच जाड मिळते.

बदलायचं ते आपण कुठून पाहतो ते. फुलाच्या बाजूला या. आता दांडा आपल्याकडे रोखलेला नाही, तो डावीकडून उजवीकडे आडवा पसरलेला आहे. म्हणजे त्याची सगळी लांबी त्याच दीड सेंटीमीटरच्या काचेत आरामात मावते. परागकोशांचे पिवळे दाणे, टोकाचे पाच लाल ठिपके (शाळेत शिकलेली कुक्षी ती हीच), सगळं एकाच वेळी स्पष्ट. पाकळ्या मागे मऊ होत गेल्या तरी चालतं, उलट त्याने दांडा उठून दिसतो. त्याच कॅमेऱ्याने, त्याच फुलाचा, दोन पावलं बाजूला सरकून काढलेला हा फोटो आधीच्यापेक्षा इतका वेगळा होता, की त्या दिवशी मी त्या एका झाडापुढे तासभर उभी होते.

म्हणून फुलासमोर गेल्यावर पहिला प्रश्न हा: या फुलात मला नेमकं काय दाखवायचं आहे? ते ठरलं की कॅमेऱ्याचा कोन त्यावरून ठरतो, कारण तो भाग जास्तीत जास्त त्या काचेत येईल असं उभं राहायचं असतं. यासाठी फूल ओळखीचं असावं लागतं. गोकर्णाचं फूल जवळजवळ सपाट असतं, ते समोरून टिपलेलं उत्तम. झेंडू किंवा सोनकी हे आपण एक फूल समजतो, पण तो लहान लहान फुलांचा गुच्छ असतो आणि मधली फुलं कडेकडून आत उमलत जातात. सोनकीचा फोटो चांगला यायला हवा असेल तर उमललेली आणि मिटलेली फुलं जिथे भेटतात त्या वर्तुळावर फोकस टाका. तेरड्याच्या फुलाला मागे शेपटीसारखी वाकडी नळी असते. मकरंद तिच्यात असतो आणि समोरून काढलेल्या फोटोत ती दिसतच नाही. तेरडा बाजूनेच पाहावा. पारिजातकाची केशरी नळीही तशीच. जमिनीवर उलटं पडलेलं एखादं फूल सुलट्या दहा फुलांपेक्षा जास्त सांगतं.

दुसरा उपाय बऱ्याच जणांना पटत नाही, पण करून पाहा: थोडं मागे या. अंतर वाढवून प्रतिमा निम्मी केली की काचेची जाडी जवळजवळ चौपट होते. नंतर फोटो कापून फूल पुन्हा मोठं केलं की त्यातला निम्मा फायदा जातो, कारण धूसरपणाही मोठा होतो. तरीही जवळपास दुप्पट जाडी हाती उरते. २४ मेगापिक्सेलचा फोटो लांबी-रुंदीत निम्मा कापला तर ६ मेगापिक्सेल, म्हणजे ३००० बाय २००० ठिपके शिल्लक राहतात. मोबाइलवर पाहायला आणि दहा इंची प्रिंट काढायला ते पुरेसे आहेत.

अ‍ॅपर्चर आणखी बंद करून एफ/२२ किंवा एफ/३२ वर नेण्याचा मोह होतो, तो टाळा. छिद्र फार बारीक झालं की त्यातून जाणारा प्रकाश पसरतो आणि सगळाच फोटो थोडा मऊ पडतो. फुलाच्या जवळ हा त्रास लवकर सुरू होतो, कारण लेन्स जवळच्या वस्तूवर फोकस करते तेव्हा छिद्र प्रत्यक्षात अजून बारीक असल्यासारखं वागतं. मूळ आकाराएवढ्या प्रतिमेला एफ/८ म्हणजे परिणामाने एफ/१६, आणि एफ/१६ म्हणजे एफ/३२. मी एफ/८ ते एफ/११ च्या दरम्यान राहते. त्याहून जाड काच हवी असेल तर फोकस थोडा थोडा सरकवत दहा-वीस फोटो काढून सॉफ्टवेअरमध्ये जोडता येतात. याला फोकस स्टॅकिंग म्हणतात. घरात, ट्रायपॉडवर, कुंडीतल्या फुलासाठी ते छान काम करतं. माळावर वाऱ्यात फूल प्रत्येक फोटोत वेगळ्या जागी असतं आणि जोडकाम फसतं.

लेन्सबद्दल थोडंच सांगते. मॅक्रो लेन्स नसेल तर कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसणारी पोकळ नळी, म्हणजे एक्स्टेन्शन ट्यूब, पुरते. तिच्यात भिंग नसतं, त्यामुळे ती स्वस्त मिळते. ५० मिलिमीटरच्या लेन्सला २५ मिलिमीटरची नळी लावली की निम्म्या आकाराची प्रतिमा मिळते, म्हणजे भागाकार सरळ आहे. मॅक्रो लेन्स घेणारच असाल तर ६० पेक्षा ९० किंवा १०० मिलिमीटरची घ्या. तेवढीच प्रतिमा जास्त अंतरावरून मिळते, आपली सावली फुलावर पडत नाही आणि फुलावर बसलेली माशी उडून जात नाही.

मोबाइलवाल्यांसाठी

मोबाइलचा सेन्सर लहान असतो, त्यामुळे त्याची काच आपोआप जाड मिळते. ही मोठी सोय आहे आणि जास्वंद मोबाइलवर बऱ्याचदा सोपी जाते ती यामुळेच. अडचण वेगळीच आहे. फुलाच्या फार जवळ गेलं की अनेक फोन गुपचूप मुख्य कॅमेरा बंद करून अल्ट्रावाइड (खूप रुंद दृश्य टिपणाऱ्या) कॅमेऱ्यावर जातात, कारण त्याला दोन-तीन सेंटीमीटरवरून फोकस करता येतो. मग फोनची सावली फुलावर पडते, पुढची पाकळी अवाढव्य आणि मागची चिमुकली दिसते, शिवाय मागचं अंगण, दोरीवरचे कपडे, कुंपण सगळं फोटोत येतं. कोणता कॅमेरा चालू आहे हे कळत नसेल तर एकेका लेन्सवर बोट ठेवून पाहा. पडदा काळा झाला की तोच.

माझा सल्ला असा की मॅक्रो मोड फक्त अगदी छोट्या फुलांसाठी ठेवा. जास्वंद, गुलाब, सदाफुली यांच्यासाठी एक वीत मागे या आणि २एक्स वर टिपा. फूल योग्य आकाराचं दिसतं आणि मागचा पसारा कमी येतो. पोर्ट्रेट मोड मात्र फुलांसाठी वापरू नका. त्यातला धूसरपणा सॉफ्टवेअरने बनवलेला असतो आणि बारीक केसरांच्या कडा त्याला कळत नाहीत. अर्धे परागकोश पुसलेले दिसतात, आणि आपल्याला तर नेमके तेच दाखवायचे असतात.

लाल फूल सपाट का दिसतं

जास्वंदीची आणखी एक तक्रार मी नेहमी ऐकते: प्रत्यक्षात पाकळीवर शिरा दिसतात, सुरकुत्या दिसतात, फोटोत मात्र लाल रंगाचा एक डाग येतो. याचं उत्तर सेन्सरच्या रचनेत आहे. सेन्सरवरच्या प्रत्येक ठिपक्यापुढे एक रंगीत गाळणी असते. बहुतेक कॅमेऱ्यांत दर चार ठिपक्यांमध्ये दोन हिरवे, एक निळा आणि एक लाल अशी वाटणी असते. गडद लाल पाकळीवरून आलेला प्रकाश जवळजवळ सगळा त्या एकाच लाल ठिपक्यावर पडतो. बाकीचे तीन अंधारात. कॅमेरा सरासरी काढतो, त्याला वाटतं प्रकाश कमी आहे, आणि तो एक्स्पोजर, म्हणजे सेन्सरवर घेतला जाणारा प्रकाश, वाढवतो. लाल ठिपके काठोकाठ भरतात आणि वर सांडतात. भरलेल्या भांड्यात आणखी किती ओतलं ते कळत नाही, तसं शीर कुठली आणि पाकळी कुठली हे तिथे पुसलं जातं. नंतर कितीही प्रयत्न केले तरी ते परत येत नाही.

उपाय फोटो काढतानाच करायचा. एक्स्पोजर दोन तृतीयांश ते एक स्टॉप खाली आणा (एक स्टॉप खाली म्हणजे प्रकाश निम्मा). मोबाइलवर फुलावर बोट टेकवा, बाजूला येणारं सूर्याचं चिन्ह पाकळीवरच्या शिरा दिसेपर्यंत खाली ओढा. कॅमेऱ्यात हिस्टोग्रॅम, म्हणजे डावीकडे गडद आणि उजवीकडे उजळ ठिपके किती आहेत हे दाखवणारा आलेख, पाहत असाल तर एकत्रित नको, तिन्ही रंगांचा वेगवेगळा पाहा. एकत्रित आलेख निर्धास्त दिसत असतानाच लाल उजव्या भिंतीला टेकलेला असतो. पाने थोडी काळोखी येतील, ती नंतर उजळता येतात.

झेंडू आणि सोनकीत लाल आणि हिरवे दोन्ही ठिपके भरतात, म्हणून पिवळं फूलही असंच सपाट होतं, उपायही तोच. मोगरा आणि तगर दोन्ही बाजूंनी फसवतात. गडद पानांत एकच पांढरं फूल असेल तर ते जळाल्यासारखं पांढरंफेक येतं. तेच मोगऱ्याने अख्खी चौकट भरली तर कॅमेरा पांढऱ्याला करडं करून टाकतो, आणि तिथे एक्स्पोजर वाढवावं लागतं. एकाच रंगाने चौकट भरली की ऑटो व्हाइट बॅलन्सही (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून कॅमेरा रंग जुळवतो ते) गोंधळतो. फुलांसाठी तो डेलाइटवर पक्का करून ठेवलेला बरा.

एडिटिंगमध्ये रंग गडद करणारी पट्टी (सॅच्युरेशन) उजवीकडे ढकलली की लाल ठिपके पुन्हा भरतात आणि वाचवलेल्या शिरा आपणच घालवतो. मी फक्त लाल रंगाचा उजेड थोडा कमी करते आणि थांबते.

प्रकाश, वारा आणि एक छत्री

दुपारचं ऊन फुलांना मानवत नाही. पाकळीवर चकाकी येते आणि केसरांच्या काळ्या सावल्या पडतात. सूर्य प्रचंड असला तरी आकाशात तो जेमतेम अर्ध्या अंशाएवढा दिसतो, म्हणून त्याच्या सावलीच्या कडा धारदार असतात. ढगाळ दिवशी अख्खं आभाळच दिवा होतं आणि सावल्या विरघळतात. म्हणून श्रावणातलं ढगाळ आभाळ हा फुलांचे फोटो काढणाऱ्यांचा आवडता प्रकाश. ऊन असेल तर भरतकामाच्या रिंगमध्ये पांढरं मलमल किंवा बटर पेपर ताणून फूल आणि सूर्य यांच्या मध्ये धरा. जितकं फुलाजवळ, तितका प्रकाश मऊ. खालून पांढरा कागद धरला तर सावलीतला भाग उजळतो. सकाळचं कोवळं ऊन मात्र सोडू नका. सूर्य फुलाच्या मागे ठेवा, म्हणजे पाकळीतून प्रकाश आरपार येतो आणि समोरून कधीच न दिसलेल्या शिरा दिसतात.

जवळून फोटो काढताना फुलाबरोबर त्याचं हलणंही मोठं होतं. दांडी एक मिलिमीटर हलली तरी मॅक्रोमध्ये फूल त्या १ मिलिमीटरच्या काचेबाहेर जातं. म्हणून शटर १/२५० सेकंद किंवा त्याहून जलद ठेवा आणि त्यासाठी आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता) वाढवावा लागला तर वाढवा. थोडी रवाळ दिसणारी पाकळी मला हललेल्या पाकळीपेक्षा कधीही चालेल. वारा सहसा सूर्योदयानंतरचा पहिला तास-दीड तास कमी असतो. त्यानंतरही तो सलग वाहत नाही, झुळका येतात आणि मध्ये दोन-तीन सेकंद फूल स्थिर होतं. त्या क्षणाची वाट पाहा, पाच-सहा फोटो सलग काढा. फोकससाठी ऑटोफोकसच्या मागे लागू नका. तो मॅन्युअल करून एका अंतरावर पक्का ठेवा आणि स्वतःच किंचित पुढे-मागे झुकत काच फुलावर आणा. कोपर गुडघ्यावर टेकलं की हात बराच स्थिर होतो. जमिनीलगतच्या फुलांना तांदूळ किंवा डाळ भरलेली छोटी पिशवी कॅमेऱ्याखाली ठेवली की ट्रायपॉडची गरज भासत नाही.

आणि काळी छत्री. ती वारा अडवते, ऊन अडवते, आणि फुलाच्या मागे एक-दोन हातांवर सावलीत धरली तर गडद, शांत पार्श्वभूमी देते. बॅकग्राउंडबद्दल एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे की ती फुलापासून जितकी लांब, तितकी मऊ. फुलाच्या पातळीवर खाली बसलं की मागे दोन इंचांवरची माती जाऊन वीस फुटांवरची हिरवळ येते.

माळावरची फुलं

हे सगळं अंगणात जमलं की कासला जावंसं वाटतं. साताऱ्यापासून सुमारे २५ किलोमीटरवरचं हे पठार २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आलं. तिथली फुलं म्हणजे या विद्येची खरी परीक्षा. सीतेची आसवं हे जांभळं-निळं फूल जेमतेम बोटाच्या नखाएवढं, केसासारख्या दांडीवर, झुळुकेशिवायही हलणारं. ते मूळ आकारात टिपायच्या नादाला लागू नका. निम्म्या प्रतिमेवर थांबा, तीन मिलिमीटरची काच हाती ठेवा. गेंदाची पांढरी बटणं सोपी, कारण ती गोल असतात आणि कुठूनही सारखीच दिसतात. पण पांढरी आहेत, तेव्हा एक्स्पोजर सांभाळा. कवळा नावाच्या रोपाच्या पिवळ्या फुलावर दोन लालसर ठिपके असतात, म्हणून त्याला मिकी माउस म्हणतात. त्याच्या बरोबर समोर यावं लागतं, थोडं बाजूला सरकलं की तो चेहरा मोडतो.

पण इथे एक गोष्ट फोटोपेक्षा मोठी आहे. त्या खडकावर मातीचा थर अगदी पातळ आहे आणि फुलं तेवढ्याच मातीवर जगतात. समोरच्या एका फुलासाठी आडवं झोपलं की अंगाखाली पन्नास चिरडतात. बी धरायच्या आधी मोडलेलं रोप पुढच्या पावसाळ्यासाठी काहीच मागे ठेवत नाही. आखलेल्या पायवाटेवरूनच काढा. तिथून पोचत नसेल तर ३०० मिलिमीटरची टेलिफोटो लेन्स वापरा, तिला एखादी नळी जोडली तर मीटर-दीड मीटरवरूनही छोटं फूल चौकटीत भरतं. अंगणातल्या फुलाची दांडी चिमट्याने काडीला अडकवली तर चालेल, रानातल्या फुलाला हात लावू नये. आसपासचं गवत उपटून जागा साफ करणारेही मी पाहिलेत. त्या गवतात काय काय उगवत होतं हे त्यांना कळत नव्हतं, आणि मला ते बघवत नव्हतं.

कासला वर्षातून एकदा जाणं होतं. जास्वंद मात्र दारात वर्षभर असते. तिचं फूल बहुधा एकच दिवस टिकतं, सकाळी उमलतं आणि संध्याकाळी मिटून गळायला लागतं. म्हणजे प्रत्येक फुलासाठी हातात एकच सकाळ. दुसऱ्या दिवशी उमलणारी कळी आदल्या संध्याकाळीच ओळखता येते. ती हिरव्या आवरणातून चांगली लांब बाहेर आलेली असते, लाल रंग दिसत असतो आणि पाकळ्या पिळलेल्या छत्रीसारख्या घट्ट गुंडाळलेल्या असतात. ती कोणत्या दिशेला वळली आहे ते पाहून ठेवा. दांडा कुठे रोखला जाईल आणि त्याच्या बाजूला आपल्याला कुठे उभं राहता येईल, मागे काय दिसेल, ऊन कुठून येईल, हे उजेड आहे तोवर ठरवा. मी तर तिथे एक कुंडी सरकवून जागा करून ठेवते आणि छत्री दाराशी काढून ठेवते.